एआयओएसक्यूएल वापरून दोन वर्षं : दूधबिलाच्या क्वेऱ्या आता त्यांच्या स्वतःच्या फाइलीत

गडहिंग्लज आणि आजरा तालुक्यांतल्या नऊ दूध संस्थांच्या बिलांचं सॉफ्टवेअर मी एकटी सांभाळते. काम सांगायला सोपं आहे. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात, लिटर, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंद होते, दरपत्रकावरून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. एक ते दहा, अकरा ते वीस, आणि तिसरं एकवीस ते महिनाअखेर. म्हणजे तिसरं बिल फेब्रुवारीत आठ दिवसांचं आणि एकतीसच्या महिन्यात अकरा दिवसांचं. त्यातून पशुखाद्य वजा, उचल वजा, कर्जाचा हप्ता वजा. उरतील ते पैसे सभासदाच्या खात्यावर. दिवाळीच्या आधी वर्षाच्या दुधावरचा दरफरक निघतो, तो हिशेब वेगळा.

हे सगळं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस यांच्यावर चालतं. प्रत्येक संस्थेच्या ऑफिसात एक विंडोजचा कॉम्प्युटर आणि त्यात एकच डेटाबेस फाइल. गेली दोन वर्षं त्यातल्या सगळ्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेले प्रश्न आणि दिलेल्या आज्ञा, मी एआयओएसक्यूएल (aiosql) या पायथनच्या लायब्ररीतून, म्हणजे आयत्या कोडच्या संचातून, चालवते. मराठीत तिच्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून जे अनुभवलं ते इथे मांडते.

आधी काय होतं ते सांगते, नाहीतर फरक कळायचा नाही. क्वेऱ्या पायथनच्या आत, तिहेरी अवतरणात लिहिलेल्या होत्या. सुरुवातीला दहा-बारा, पुढे वाढत वाढत चाळीसच्या वर गेल्या. बिलाची मुख्य क्वेरीच साठ ओळींची. कोड लिहायच्या एडिटरला ती नुसती एक लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, दिसते, त्यामुळे सगळी एकाच रंगात. कंस सुटला, स्वल्पविराम राहिला तरी कळत नाही. एखादा आकडा जुळला नाही की ती क्वेरी उचलायची, डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायची, मध्ये घुसलेली पायथनची नावं काढून हाताने तारखा भरायच्या, दुरुस्त करायची आणि परत उलटा प्रवास. त्या परतीच्या प्रवासात चूक व्हायची. दुरुस्त केलेली क्वेरी एक आणि पायथनमध्ये गेलेली दुसरीच, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे.

त्यात भर म्हणजे काही ठिकाणी मी एफ-स्ट्रिंग (मजकुरात मधेच किंमत मिसळायची पायथनची सोय) वापरून नाव थेट क्वेरीत घातलं होतं. आजऱ्याकडच्या एका संस्थेत डिसोझा आडनावाचे सभासद आहेत आणि संस्थेने नावं इंग्रजीत भरली आहेत. इंग्रजीत ते आडनाव लिहिताना मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी येते. पहाटे साडेसहाला, दारात किटल्या घेऊन रांग उभी असताना, त्या एका चिन्हावर एसक्यूएलचं अवतरण मिटलं, पुढचं अर्धं आडनाव उघड्यावर पडलं आणि स्क्रीनवर सिंटॅक्स एरर आली. तो दोष सर्वस्वी माझा. क्वेरीत किंमत (म्हणजे भरायचं नाव, तारीख किंवा आकडा) अशी जोडायची नसते, पॅरामीटर म्हणून वेगळी द्यायची असते, हे मला माहीत होतं. पण क्वेरी स्ट्रिंगमध्ये असली की घाईत हात तिकडेच जातो. त्या सकाळी त्या सभासदांचं दूध वहीत लिहून घ्यावं लागलं. त्याच दुपारी मी ठरवलं की एसक्यूएल पायथनमधून बाहेर काढायचं.

पहिला प्रयत्न माझा मीच केला. एका क्वेरीला एक फाइल, पायथनने ती वाचायची आणि डेटाबेसला द्यायची. एवढ्याने बरंच काम होतं, आणि ज्यांच्याकडे चार-पाचच क्वेऱ्या आहेत त्यांनी तेवढंच करावं, लायब्ररीची गरज नाही. माझ्याकडे मात्र त्रेचाळीस फाइली झाल्या. कुठल्या क्वेरीतून एकच ओळ यायची, कुठलीतून पुष्कळ, कुठली नुसती नोंद घालते, हे प्रत्येक ठिकाणी पायथनमध्ये वेगळं लिहावं लागत होतं. तेव्हा शोधताना एआयओएसक्यूएल सापडलं.

कल्पना मूळ पायथनची नाही. क्लोजर भाषेत क्रिस जेन्किन्स यांनी येसक्यूएल नावाची लायब्ररी केली. त्यांचं म्हणणं असं की एसक्यूएल ही आधीच पिकलेली भाषा आहे, तिच्यावर दुसऱ्या भाषेचं पांघरूण घालण्यापेक्षा तिला तिच्या फाइलीत राहू द्या. तो विचार पायथनमध्ये अ‍ॅनोएसक्यूएल म्हणून आला आणि त्यातूनच पुढे एआयओएसक्यूएल फुटलं. नावातलं ‘एआयओ’ असिंक आयओवरून (उत्तराची वाट बघत न थांबता दुसरं काम चालू ठेवायची पद्धत) आलेलं असलं तरी साध्या, असिंक नसलेल्या ड्रायव्हरवरही (पायथनला डेटाबेसशी जोडणारा दुवा) ते तितकंच नीट चालतं. माझं सगळं काम साध्या ड्रायव्हरवरच आहे.

वापरायची रीत अशी. एका एसक्यूएल फाइलीत हव्या तितक्या क्वेऱ्या लिहायच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एसक्यूएलच्याच पद्धतीची टिप्पणी, म्हणजे दोन डॅश, पुढे ‘नेम’ हा शब्द, कोलन आणि क्वेरीचं नाव. पायथनमध्ये फाइलीचा किंवा फोल्डरचा पत्ता आणि ड्रायव्हरचं नाव दिलं की एक ऑब्जेक्ट मिळतो आणि प्रत्येक क्वेरी त्याची मेथड, म्हणजे नावाने बोलावता येणारं काम, होऊन बसते. तिला डेटाबेसचं कनेक्शन आणि किमती द्यायच्या. फोल्डर दिला तर आतले उपफोल्डर नावात उतरतात. माझ्याकडे संकलन, बिल, कपात आणि अहवाल असे चार आहेत. कोडमध्ये क्वेरीचं पूर्ण नाव वाचताना ती कुठल्या खोलीतली आहे ते लगेच कळतं.

नावाच्या शेवटी एखादं चिन्ह लावायचं असतं आणि माझ्या मते या लायब्ररीतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. काहीच लावलं नाही तर पुष्कळ ओळी येतात. ^ लावलं तर एकच ओळ, आणि ती नसेल तर पायथनचं ‘नन’, म्हणजे काहीच नाही. $ लावलं तर एकच किंमत, उदाहरणार्थ आजचं एकूण दूध. ! म्हणजे बदल करणारी क्वेरी, किती ओळी बदलल्या तो आकडा परत मिळतो. <! लावलं तर आत्ता घातलेल्या नोंदीचा क्रमांक मिळतो. *! म्हणजे एका दमात पुष्कळ नोंदी, मशीनकडून आलेलं एका वेळचं सगळं संकलन मी त्यानेच भरते. # म्हणजे टेबल तयार करण्यासारखी आख्खी स्क्रिप्ट. आधी जे पायथनमध्ये त्रेचाळीस ठिकाणी विखुरलं होतं ते आता क्वेरीच्या डोक्यावर एका चिन्हात मावतं, आणि फाइल उघडणाऱ्याला क्वेरी न वाचताच कळतं की ही नुसती बघणारी आहे की बदल करणारी.

क्वेरीच्या आत किमतीची जागा कोलन लावून नावाने दाखवायची. एसक्यूलाइटला ही पद्धत मुळातच समजते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या सायकोपीजी या ड्रायव्हरला वेगळी खूण लागते, त्याच्याच असिंकपीजी या ड्रायव्हरला डॉलर आणि क्रमांक लागतात, तो बदल लायब्ररी आपला आपण करते. पोस्टग्रेसमध्ये किमतीचा प्रकार बदलायला दोन कोलन लागतात, त्याला ती पॅरामीटर समजत नाही. अवतरणातल्या ‘१०:३०’ सारख्या वेळेलाही हात लावत नाही. किंमत नेहमी ड्रायव्हरमार्फत बांधली जाते, स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून नाही. फाइलीत पायथनच नसल्यामुळे एफ-स्ट्रिंगचा मोह व्हायला जागाच उरत नाही. त्या दिवसापासून डिसोझांचं दूध एकदाही अडलेलं नाही.

आता ज्या एका प्रसंगामुळे मी हे मनापासून लिहायला बसले तो सांगते.

नावाच्या ओळीखाली आणखी टिप्पण्या लिहिल्या तर एआयओएसक्यूएल त्यांना त्या मेथडचं वर्णन म्हणून धरतं. पायथनमध्ये मदत मागितली की तेच वर्णन दिसतं. मी क्वेऱ्यांची नावं इंग्रजीतच ठेवली, पण ही वर्णनं मराठीत लिहायला लागले. कुठली कपात आधी, कुठली नंतर, पूर्णांकन कुठे, दर कुठल्या तारखेचा, हे सगळं साध्या भाषेत. मुळात ते माझ्यासाठीच होतं. सहा महिन्यांनी स्वतःचीच क्वेरी वाचताना कपाळाला आठ्या पडतात, त्या पडू नयेत एवढाच हेतू.

मराठी लिहिल्यावर पहिली अडचण आली ती विंडोजवर. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर सगळं चाललं, संस्थेच्या कॉम्प्युटरवर मात्र फाइल वाचतानाच युनिकोड डीकोड एरर. एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन विंडोजची ठरलेली कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचं कोष्टक) धरतो, आणि तिथे ती १२५२ होती. गंमत अशी की सगळी अक्षरं अडत नाहीत. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट हेक्साडेसिमलमध्ये ८डी, आणि १२५२ मध्ये त्या जागी काहीच नेमलेलं नाही. म्हणजे जोडाक्षर आलं की वाचन थांबलंच. ‘दर’ लिहिलं तर नुसता कचरा दिसेल पण एरर यायची नाही, ‘रक्कम’ लिहिलं की आली. उपाय एका शब्दाचा आहे. फाइलीचा पत्ता देतो त्याच ठिकाणी एन्कोडिंग म्हणून युटीएफ-८ द्यायचं. मराठीत टिप्पण्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

तर, मागच्या पावसाळ्यात एका संस्थेचे सचिव बिल घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. तीस वर्षं ते दुधाचा हिशेब बघतायत, कॉम्प्युटर येण्याआधी वहीवर बघायचे. बिल अकरा ते वीस तारखेचं होतं. संघाने दर बदलला होता सोळा तारखेला.

“ताई, सोळापासनं नवा दर हाय. ह्यात जुनाच धरल्यासा.”

मी आधीच्या सवयीने लॅपटॉप माझ्याकडे ओढला, पण त्या दिवशी पायथन उघडलंच नाही. बिलाच्या फोल्डरातली एसक्यूएल फाइल उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वर मराठीत चार ओळी होत्या. अण्णांनी चष्मा लावला, एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं : ‘दर : बिलाच्या पहिल्या दिवशी लागू असलेलं दरपत्रक.’

“पहिल्या दिवसाचा कशाला? दूध ज्या दिवशी घातलंय त्या दिवसाचा पाहिजे की.”

चूक तीच होती. दर शोधणाऱ्या पोटक्वेरीत लागू तारखेची तुलना मी बिलाच्या सुरुवातीच्या तारखेशी केली होती, संकलनाच्या तारखेशी करायला हवी होती. आधीचे दर दहाव्या नाहीतर विसाव्या तारखेनंतरच बदललेले, म्हणून ही चूक तोपर्यंत वर आलीच नव्हती. मी एक नाव बदललं. मग तीच क्वेरी, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, डीबीव्हर या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. कोलन लावलेली नावं दिसली की डीबीव्हर त्यांच्या किमती विचारतो. अण्णांनी सभासद क्रमांक सांगितला, मी दोन तारखा भरल्या. दहा दिवसांच्या वीस ओळी आल्या. पहिल्या दहा ओळींत जुना दर, सोळाच्या सकाळपासून पुढच्या दहा ओळींत नवा. अण्णांनी कॅल्क्युलेटरवर दोन ओळी ताडून पाहिल्या आणि मान डोलावली. टिप्पणीची तिसरी ओळ त्यांनी सांगितली तशी, त्यांच्याच शब्दांत, मी तिथल्या तिथे बदलली.

पायथनच्या एकाही फाइलीला हात लागला नाही. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) त्या दिवसाचा बदल पाहिला तर दोन ओळी दिसतात, एक एसक्यूएलची आणि एक मराठीची. उरलेल्या आठ संस्थांना मी तेवढीच एक फाइल पाठवली, जुनीच्या जागी ठेवा आणि प्रोग्रॅम बंद करून चालू करा म्हणून सांगितलं. बंद करून चालू करणं गरजेचं आहे, कारण लायब्ररी फाइली एकदाच, सुरुवातीला वाचते.

ज्याला हिशेब कळतो पण पायथन कळत नाही असा माणूस क्वेरीपर्यंत पोचू शकला, हे मला फार मोलाचं वाटतं. तिहेरी अवतरणात ती क्वेरी असती तर अण्णांना मी नुसतं ‘बघते’ म्हटलं असतं आणि ते गेले असते. चूक दुरुस्त झाली असती बहुतेक, पण ती कशामुळे होती हे त्यांना कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी बिल घेऊन यायच्या आधी त्यांनी दहादा विचार केला असता. एसक्यूएल न लिहिता पायथनच्याच भाषेत डेटाबेस वापरू देणाऱ्या लायब्रऱ्यांना ओआरएम म्हणतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातलीच एसक्यूएल-अल्केमी मी दुसऱ्या एका कामात वापरते, आणि जिथे एकेक नोंद उघडून बदलायची, जपून ठेवायची असते तिथे ते उत्तम आहे. पण दूधबिल म्हणजे बेरजा, जोडण्या आणि तारखा. ते एसक्यूएलमध्येच नैसर्गिक वाटतं, आणि ओआरएमच्या भाषेत लिहिलेली बेरीज मी अण्णांना वाचून दाखवू शकले नसते.

आता खाचखळगे. यातले बरेचसे लायब्ररीचे दोष नाहीत, पण माझा वेळ गेला आहे, तुमचा जाऊ नये.

कमिट, म्हणजे केलेले बदल पक्के करणं, लायब्ररी करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण नवख्याला ठाऊक नसतं. पायथनचा एसक्यूलाइट ड्रायव्हर नोंद घालायच्या किंवा बदलायच्या आधी आपणहून व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के होणारे किंवा एकत्रच मागे जाणारे बदल) उघडतो. कमिट न करता कनेक्शन बंद केलं तर सगळं गेलं. शिकण्याच्या दिवसांत माझं संध्याकाळचं एक आख्खं संकलन असं गेलं होतं. मशीनमध्ये नोंद होती म्हणून परत भरता आलं. आता मी प्रत्येक बिल ‘विथ’ लावून कनेक्शनच्या आत करते, मध्ये काही फसलं तर सगळं मागे जातं.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. # लावलेली स्क्रिप्ट एसक्यूलाइटवर ड्रायव्हरच्या ‘एक्झिक्यूट स्क्रिप्ट’मधून जाते, आणि नेहमीच्या मांडणीत ती आधी उघडा असलेला व्यवहार कमिट करून टाकते. म्हणजे बिलाच्या मध्यात तात्पुरतं टेबल बनवायला # वापरलं तर तोवरची अर्धी बिलं पक्की झाली, पुढे चूक झाली तरी ती मागे जाणार नाहीत. अशा स्क्रिप्टला किमतीही देता येत नाहीत. माझा नियम साधा आहे : # फक्त पहिल्यांदा टेबलं तयार करताना. चालू कामात त्याला बंदी.

चिन्ह न लावलेल्या क्वेरीतून यादी येत नाही, जनरेटर येतो, आणि तो ओळी एकेक करून एकदाच देतो. मी आधी त्यावर फिरून पावत्या छापल्या आणि मग त्याच्यावरच बेरीज केली. बेरीज आली शून्य, कारण जनरेटर पहिल्याच फेरीत रिकामा झाला होता. दोनदा वापरायचं असेल तर आधी यादी करून ठेवा.

^ लावलेली क्वेरी पहिली ओळ देते आणि बाकीच्या निमूटपणे सोडते. एका क्रमांकाचे दोन सभासद चुकून भरले गेले असतील तर ती तक्रार करणार नाही. त्यासाठी डेटाबेसमध्येच क्रमांकावर युनिक अट घालावी लागते, मी नंतर घातली. $ लावलेल्या बेरजेचंही तसंच. ज्या सभासदाने त्या दहा दिवसांत दूधच घातलं नाही त्याची बेरीज शून्य येत नाही, ‘नन’ येते, आणि पुढे वजाबाकी करताना पायथन अडतो. बेरजेला ‘कोअलेस’ लावून शून्य करून घ्या.

किंमत पॅरामीटरमधून जाते, टेबलाचं किंवा रकान्याचं नाव जात नाही. यादी कधी नावावर, कधी क्रमांकावर, कधी दुधावर लावायची असेल तर ‘ऑर्डर बाय’चा रकाना बाहेरून देता येत नाही. मी तीन वेगळ्या क्वेऱ्या लिहिल्या. बारा पर्याय असतील तर हा मार्ग नाही. गाळणीचं मात्र जमतं. ‘गाव दिलेलं नसेल किंवा गाव जुळत असेल’ अशी अट लिहिली की एकच क्वेरी सगळ्या गावांसाठीही चालते आणि एकासाठीही. पण वापरणारा स्क्रीनवर हवे ते रकाने, हव्या त्या अटी निवडतो अशी तुमची गरज असेल तर एआयओएसक्यूएल घेऊ नका. तिथे क्वेरी बांधणारी लायब्ररीच लागते.

क्रमांकांची यादी देऊन ‘यातले कुठलेही’ असं विचारणं एसक्यूलाइटवर अवघड जातं, यादी एका पॅरामीटरला बांधता येत नाही. पोस्टग्रेसवर ‘एनी’ वापरून यादी सरळ देता येते. एसक्यूलाइटवर मी ते क्रमांक आधी एका छोट्या टेबलात *! ने घालते आणि त्याच्याशी जोडते. जरा वळसा आहे, पण चालतं.

आणि एक खरी उणीव. मेथड प्रोग्रॅम चालू झाल्यावर तयार होतात, म्हणून एडिटरला त्या आधी माहीत नसतात. नाव टाइप करताना सुचवणी येत नाही, आणि स्पेलिंग चुकलं तर ते प्रोग्रॅम त्या ओळीपर्यंत पोचल्यावरच कळतं. बिलाच्या दिवशी कळणं म्हणजे फार उशीर. मी यावर एक छोटी चाचणी लिहिली आहे. लायब्ररी उपलब्ध क्वेऱ्यांची यादी देते. पायथनमध्ये जिथे जिथे नाव वापरलंय ते सगळं गोळा करून त्या यादीशी ताडायचं, आणि शिवाय प्रत्येक बघणारी क्वेरी रिकाम्या डेटाबेसवर एकदा चालवून पाहायची. संस्थेकडे नवी फाइल पाठवायच्या आधी ही चाचणी चालवल्याशिवाय मी पाठवत नाही. चाचणी दोन सेकंदांत संपते.

फाइल उघडी असणं हा फायदा आहे तसा त्यात धोकाही आहे. नोटपॅडमध्ये कुणीही ती उघडून बदलू शकतं. आमच्याकडे अजून तसं झालेलं नाही, तरी प्रोग्रॅम सुरू होताना मी प्रत्येक एसक्यूएल फाइलीचा हॅश (मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) ताडून पाहते आणि जुळला नाही तर बिल काढायचं बटण बंद ठेवते. पैशांचं काम आहे, एवढी काळजी घ्यावीच. म्हणून आता नवी एसक्यूएल फाइल पाठवताना तिच्या हॅशची छोटी फाइलही सोबत पाठवावी लागते.

यंदापासून दरफरकाचं काम मी एका ठिकाणी पोस्टग्रेसवर नेलं, नऊ संस्थांचं वर्षाचं दूध एकत्र बघायचं होतं म्हणून. ड्रायव्हरचं नाव बदललं आणि बहुतेक क्वेऱ्या तशाच चालल्या. पण इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. ही लायब्ररी पॅरामीटरची खूण बदलते, एसक्यूएल बदलत नाही. एसक्यूलाइटच्या तारखांच्या फंक्शनवर लिहिलेल्या सगळ्या क्वेऱ्या पोस्टग्रेससाठी मला नव्याने लिहाव्या लागल्या. फायदा इतकाच की कुठल्या लिहायच्या ते शोधायला वेळ गेला नाही. सगळ्या चार फोल्डरांत समोर होत्या, दोन संध्याकाळी काम संपलं.

पैशांबाबत एक सल्ला, लायब्ररी कुठलीही वापरा. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. फॅट दशांशात येतो, तोही दहाने गुणून पूर्णांक करून. म्हशीच्या दुधाचं ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईचं ३.५ आणि ८.५, हे प्रमाण धरून दरपत्रक खाली-वर जातं, आणि एसक्यूलाइटमध्ये दशांशाची तुलना करून दर शोधला तर कधीतरी ६.३ हा ६.३ ला जुळत नाही. पूर्णांक ठेवल्यावर दर शोधणारी जोडणी सरळ बरोबरीच्या चिन्हावर लिहिता आली, आणि फाइल वाचणाऱ्यालाही तिथे अडखळायला होत नाही.

बसवायला त्रास नाही. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली लायब्ररी आहे, पिप या पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने एका ओळीत येते, फुकट आणि मुक्त परवान्याची आहे. दोन गावांत नेट धड चालत नाही. तिथे मी पिपनेच फाइल आधी उतरवून पेनड्राइव्हवर नेते आणि तिथून बसवते. आवृत्तीचा आकडा मात्र पक्का लिहून ठेवते, कारण मोठ्या आवृत्त्यांमध्ये वागणूक बदललेली आहे, जनरेटर हे त्यातलंच एक उदाहरण. नवीन आवृत्तीत क्वेरीच्या नावापुढे कंसात पॅरामीटरची नावं लिहिता येतात. ते मी हळूहळू सगळीकडे करतेय, कारण क्वेरीला काय काय लागतं ते डोक्यावरच वाचायला मिळतं.

बिलाचा फोल्डर झाला आहे, कपातीचा अर्धा. पशुखाद्याच्या कपातीच्या क्वेरीवरची टिप्पणी अण्णांना दाखवायची राहिली आहे. येत्या एकवीस तारखेला ते बिलं न्यायला येतील तेव्हा दाखवेन.